एमएसच्या रुग्णाचा ‘मला जमेल’ हा भरवसा कसा मोजायचा

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजारात पायांत किती जोर आहे ते तपासणीत कळतं. त्या जोरावर आपण काय करू शकू असं माणसाला वाटतं, ते मात्र विचारल्याशिवाय कळत नाही. प्रश्न नेमका ‘जमेल का?’ असाच हवा. ‘करता का?’ विचारलंत तर सवय मोजाल, ‘करणार का?’ विचारलंत तर इच्छा. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये या भरवशाची (सेल्फ-एफिकसी) कल्पना मांडली, तिचा गाभा हाच.

हा भरवसा मोजायला एमएससाठी १९९६ पासून वापरात असलेल्या प्रश्नावलीत (मल्टिपल स्क्लेरोसिस सेल्फ-एफिकसी स्केल) १८ प्रश्न आहेत: ९ रोजच्या हालचालींचे, ९ आजारावरच्या ताब्याचे. प्रत्येकाला १० ते १०० गुण (खात्री जितकी जास्त तितके गुण जास्त), म्हणजे एका भागाचे ९० ते ९००. दोन्ही भाग वेगळे लिहा. हालचाल ४१० आणि ताबा ७००, किंवा याच्या उलट, बेरीज दोन्हीकडे १११०च येते. पण पहिल्याला फिजिओथेरपीची जास्त गरज असेल, दुसऱ्याला आजार समजून घ्यायला मदत लागेल.

आधी सराव घ्या, हा टाळू नका. विहिरीवरून पडवीपर्यंत रिकामी कळशी नेणं किती खात्रीनं जमेल? अर्धी भरलेली? काठोकाठ भरलेली? आकडे १००, ७०, २० असे उतरत आले तर मोजपट्टी समजली. तिन्हीला ५० सांगितलं तर पुन्हा समजावा. ‘बघूया’ हे कोकणातलं लाडकं उत्तर. त्याला मनानं ५० देऊ नका. ‘आज, आत्ता जायचं झालं तर?’ असं विचारून आकडा त्यांच्याच तोंडून घ्या.

प्रश्न सपाट जमिनीवर चालण्याचा असेल तर मनात सपाट रस्ताच आहे ना, हे विचारून घ्या. घर पाखाडीवर असलं की माणूस चिऱ्याच्या पायऱ्या आणि पावसाळ्यातलं शेवाळ धरून उत्तर देतो. मूळ प्रश्न बदलू नका. पाखाडीचा प्रश्न वेगळा विचारा, त्याचे गुण बेरजेत घेऊ नका. मराठी भाषांतर करायचं तर हक्कधारकाची परवानगी घ्या, दुसऱ्या जाणकाराकडून उलट भाषांतर (मराठीतून पुन्हा मूळ भाषेत) करून घ्या आणि चार-पाच रुग्णांना ‘यातून काय कळलं?’ असं विचारा.

वेळेला फार महत्त्व आहे. शरीर तापलं की एमएसची लक्षणं तात्पुरती बळावतात. मे महिन्यात दुपारी एसटीतून उतरलेल्या माणसाचे गुण खरे नसतात. सकाळची वेळ ठेवा, पंख्याखाली अर्धा तास बसू द्या. नुकताच एमएसचा अटॅक आला असेल किंवा स्टेरॉइडची सलाईन चालू असेल तर पुढे ढकला. नजर अधू असेल तर ठळक, मोठ्या अक्षरांत छापा किंवा वाचून दाखवा, पण ‘जमतंच की तुम्हाला’ अशा सुरात नको. थकवा दिसला तर ९ प्रश्नांनंतर थांबा.

मुलगा किंवा सून शेजारी बसली की उत्तर तीच देते. ‘आईला नाही हो जमत,’ हे प्रेमानं म्हटलेलं असतं, पण कागदावर येतो तो सुनेचा भरवसा. त्यांना थोडा वेळ खळ्यात बसायला सांगा.

सुटलेल्या प्रश्नाला शून्य धरू नका, लगेच परत विचारा. पुढची मोजणीही त्याच वेळी, त्याच पद्धतीनं आणि शक्यतो त्याच माणसानं घ्यावी. जानेवारीचे गुण मेच्या गुणांशी ताडताना हवामानाची नोंद शेजारी असू द्या.