विदेशी अतिराष्ट्रवादी गटांना दहशतवादी ठरवावे का : वादविवाद स्पर्धेची तयारी कशी करावी

सातारा-सांगलीकडच्या महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेत हा विषय आला, की बहुतेक स्पर्धक त्या गटांच्या विचारसरणीवरच तुटून पडतात. त्यात वेळ घालवू नये. ते विचार विषारी आहेत, हे दोन्ही बाजूंना मान्यच असते. वाद असतो तो कायद्याने कोणत्या कृत्यासाठी कोणावर शिक्का मारावा, याचा.

म्हणून आधी बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा, १९६७ म्हणजे यूएपीए उघडावा आणि दहशतवादी कोणाला ठरवावे हे सांगणाऱ्या कलम ३५ मधली क्रियापदे वहीत एकाखाली एक उतरवावीत : दहशतवादी कृत्य करणे, त्यात भाग घेणे, त्याची तयारी करणे, त्याला उत्तेजन देणे. नुसते मत बाळगणे या यादीत नाही. ‘उत्तेजन’ मात्र हवे तितके ताणता येते, आणि विरोधी बाजूने बोट ठेवावे ते इथेच. संघटना पहिल्या अनुसूचीत, म्हणजे दहशतवादी संघटनांच्या यादीत गेली, की तिचे काम पुढे नेण्याच्या हेतूने सदस्य होणाऱ्यालाही कलम ३८ खाली १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

परदेशी उदाहरण देताना यादी कोणती, हे सांगावेच. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेने रशियन इम्पीरियल मूव्हमेंट या गोऱ्या वर्चस्ववादी गटाला दहशतवादी ठरवले ते मालमत्ता गोठवणाऱ्या यादीत. मदत करणाऱ्याला थेट गुन्हेगार ठरवणाऱ्या विदेशी दहशतवादी संघटनांच्या यादीत नव्हे. ब्रिटनने डिसेंबर २०१६ मध्ये नॅशनल अ‍ॅक्शन या नवनाझी गटावर बंदी घातली, तर तीच मंडळी स्कॉटिश डॉन या नावाने पुन्हा उभी राहिली आणि २०१७ मध्ये त्या नावावरही बंदी घालावी लागली. मार्च २०१९ मध्ये न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला मशिदींवर हल्ला करून ५१ जणांचे प्राण घेणारा हल्लेखोर तर एकटाच होता. तिथे संघटनेवरील बंदी कितपत उपयोगी पडली असती, याचे उत्तर बाजूने बोलणाऱ्याकडे तयार हवे.

आपल्याकडचे परीक्षक प्रतिसरकारचा प्रश्न हमखास काढतात : १९४३ मध्ये शेणोलीजवळ पगाराची गाडी लुटणारे क्रांतिकारक ब्रिटिशांच्या लेखी दरोडेखोरच होते, मग शिक्का खरा कसा मानायचा? अशा वेळी भावनेच्या भरात न जाता दोन कसोट्या मांडाव्यात. निःशस्त्र सामान्य माणसांना मारणे हे त्या गटाचे उद्दिष्ट आहे का, आणि शिक्क्याविरुद्ध दाद मागण्याची सोय आहे का? यूएपीएत कलम ३६ नुसार नाव वगळण्यासाठी अर्ज करता येतो, आणि पुनर्विलोकन समितीचा अध्यक्ष उच्च न्यायालयाचा आजी किंवा माजी न्यायाधीश असतो. मात्र ती समिती केंद्र सरकारच नेमते, हा मुद्दा विरोधी वक्त्याने शेवटच्या मिनिटासाठी राखून ठेवावा.