सीताफळाला हाताने पराग लावताय? या चुका टाळा

दरवर्षी एप्रिल-मे उजाडला की मला एकाच टाइपचे फोन सुरू होतात. "काका, ब्रश मारला, सगळी फुलं गळाली, औषध कुठलं मारू?" औषध नाही रे बाबा. किती वाजता मारला आणि कसल्या फुलावर मारला ते आधी सांग. मग पलीकडे शांतता.

सीताफळाच्या झाडाला फुलं उदंड लागतात पण शंभरात चार-पाच धरली तरी नशीब समजायचं. कारण एकच फूल आधी मादी असतं आणि नंतर नर होतं. स्त्रीकेसर तयार असतं तेव्हा त्याच फुलाचा पराग कच्चा असतो आणि पराग सुटेपर्यंत स्त्रीकेसर वाळून गेलेलं असतं. मधमाशी या फुलाकडे ढुंकूनही बघत नाही, काम करतात ते बारीक भुंगे, आणि पाणी देऊन उन्हाळ्यात धरलेल्या बहारात ते फारसे दिसतच नाहीत. म्हणून ब्रश, नर झालेल्या फुलाचा पराग मादी फुलाला लावायला. ज्यांच्याकडे बंगळूरच्या बागवानी संस्थेचं अर्का सहन हे संकरित सीताफळ आहे त्यांना तर बाळानगर जातीचा पराग हाताने लावल्याशिवाय पर्यायच नाही.

पूर्ण उमललेल्या फुलावर ब्रश मारणे

ही चुकांची महाराणी, आणि मी स्वतः केलेली आहे. पहिल्या वर्षी आम्ही दोघं नवराबायको पहाटे बागेत, मी ब्रश मारतोय, ती मागून खुणेला लाल लोकर बांधतेय, दोन ओळींत तीनशेच्या आसपास फुलं केली आणि दुपारी गावात सांगूनही आलो की यंदा बघा आमची फळं कशी धरतात. आठ दिवसांनी झाडाखाली पाचोळ्यात लाल लोकरच लोकर. मोजून सहा फळं राहिली, तीही बहुतेक भुंग्यांचीच कृपा. नंतर बसून एकेक फूल फोडून बघितलं तेव्हा कळलं, आम्ही हौसेने निवडलेली सगळी फुलं छान पाकळ्या पसरलेली होती, म्हणजे नर झालेली. ब्रश आत सहज जातो ना, म्हणून नवीन माणूस हमखास तीच निवडतो.

मादी फूल बघायला गरीबच दिसतं. तिन्ही पाकळ्यांची टोकं नुसती सुटलेली असतात, आत बघायला अंगठ्याने हलकेच फाकवावी लागते. आतला शंकू, म्हणजे स्त्रीकेसरांचा गुच्छ, मध चोपडल्यासारखा चकाकतो, बोट लावलं तर चिकट. नर झालेल्या फुलात पाकळ्या फाकतात, खालचे पुंकेसर पिवळट-तपकिरी होऊन सैल पडतात आणि फूल झटकलं की हातावर पडतात. हा फरक डोळ्यात बसेपर्यंत ब्रश हातात घेऊच नका, दोन दिवस नुसती फुलं फोडत बसा. फुलं वाया जातात म्हणून ओरडणारे लोक नंतर तीनशे वाया घालवतात.

एकाच बाजूला टिचकी मारून पुढे पळणे

सीताफळाचा प्रत्येक डोळा म्हणजे एक वेगळं स्त्रीकेसर आहे. जितक्यांना पराग मिळाला तितके डोळे फुगणार, बाकीची बाजू बसकी राहणार. वाकडं फळ मार्केटला कोण घेतो? ब्रश शंकूभोवती दोन-तीनदा फिरवा, झालं. चित्रकलेचा मऊ बारीक ब्रश पुरतो, त्यासाठी महागाचं यंत्र मागवायची गरज नाही.

पराग साठवून ठेवू म्हणणे

आता माझं आवडतं दुखणं. कुणीतरी व्हिडिओत बघतो की पराग ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलमध्ये सुकवायचा, हवाबंद डबीत भरायचा, फ्रीझरला टाकायचा आणि महिनाभर वापरायचा. व्हिडिओ खोटा नसतो, पण तो ड्रॅगन फ्रूटचा असतो. खजुराचा परागही असाच सुकवून पुढच्या सीझनपर्यंत टिकवतात. सीताफळाचा पराग त्या जातीचा नाही, तो ओलसर असतो आणि सुकवला की मरतो. मी एका वर्षी दोन दिवस सिलिकात ठेवलेला पराग दीडशे फुलांना लावला, दिसायला एकदम मोकळा, भुरभुरीत, ब्रशला छान चिकटणारा. फळं शून्य. शेजारच्या ओळीत त्याच दिवशी ताजा लावला होता, तिथे निम्म्याच्या वर धरली. तेव्हापासून घरात सिलिका फक्त कॅमेऱ्याच्या बॅगेत.

माझी पद्धत साधी आहे. दुपारनंतर, उद्या नर होतील अशी मऊ पडलेली फुलं तोडायची, घरात वर्तमानपत्रावर एका थरात पसरायची आणि वर पंखा लावायचा नाही. प्लास्टिकच्या पिशवीत तर अजिबात नको, घाम येऊन सकाळी काळा चिखल होतो. पहाटे चहाच्या गाळणीवर झटकायची, पुंकेसर आणि पराग खाली, पाकळ्या वर. डबीत घेऊन सहाला बागेत, नऊ-साडेनऊला बंद. उरला तर टाकून द्यायचा. अगदीच पाऊस आला किंवा मजूर आला नाही तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उद्यापर्यंत ठेवतो, पण त्याच्यावर माझा भरवसा नाही आणि तुम्हीही ठेवू नका. फ्रीजमधली डबी बाहेर काढली की लगेच उघडायची नाही, अर्धा तास थांबा, नाहीतर आत दव धरतं आणि परागाच्या गुठळ्या होतात.

डबी शर्टाच्या खिशात ठेवू नका. अंगाच्या उबेने पराग जातो. एकजण चुन्याची डबी धुऊन त्यात पराग घेऊन आला होता, धुतली होती म्हणे.

थोडा पराग जास्त फुलांना पुरावा म्हणून त्यात तोंडाची पावडर मिसळू नका.

दुपारी बाराला ब्रश मारू नका. कोरड्या वाऱ्यात आतला चिकटपणा तासा-दोन तासात सुकतो. आदल्या संध्याकाळी बागेला पाणी दिलेलं असेल तर सकाळी फरक दिसतो.

शेंड्याच्या बारीक काडीवरची फुलं सोडून द्या, पुढे फळाचं वजन तिला पेलत नाही. जाड लाकडाजवळची धरा.

शेवटची चूक घाईची. पराग लागलेलं फळ लगेच फुगत नाही, उन्हाळ्यात सेट झालेलं तर पाऊस पडेपर्यंत बोराएवढंच थांबून राहतं. पुतण्याने गेल्या मे महिन्यात तीन आठवडे वाट बघितली, "काका, हे मेलेलं आहे" म्हणाला आणि लोकर बांधलेल्या निम्म्या फांद्या छाटून टाकल्या. जूनमध्ये दोन पाऊस झाल्यावर उरलेल्या निम्म्या फुगायला लागल्या, तेव्हा छाटलेल्या फांद्या बांधावर वाळत पडल्या होत्या, लोकरीसकट.