पहाटेच्या अंधारात धावण्यासाठी हेडटॉर्च कशी निवडावी

मुंबई-पुण्याकडे वर्षातला सर्वांत उशिराचा सूर्योदय डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवशी होत नाही, तो जानेवारीच्या मध्याला होतो. मुंबईत त्या सुमारास सूर्य सव्वासातच्या आसपास वर येतो. म्हणजे साडेपाचला घराबाहेर पडणाऱ्याचा पहिला सव्वा तास अंधारातच जातो, आणि नेमका हाच मॅरेथॉनच्या सरावाचा हंगाम असतो. अशा वेळी मोबाइलचा टॉर्च हातात धरून धावणारे बरेच दिसतात. त्यात एक हात अडकतो आणि पावलागणिक उजेड हलत राहतो. कपाळावर बांधायची हेडटॉर्च यापेक्षा केव्हाही बरी, मात्र ती खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा पाहून घेऊ नये.

पहिली पायरी : आपला रस्ता आणि वेग पाहा

किलोमीटरला सहा मिनिटे या वेगाने धावणारा माणूस सेकंदाला सुमारे पावणेतीन मीटर पुढे जातो. समोरचा खड्डा दिसणे, तो खड्डा आहे हे कळणे आणि पाऊल वळवणे यासाठी तीन सेकंद धरले, तरी आठ-नऊ मीटरपर्यंतची जमीन स्वच्छ दिसली की काम भागते. म्हणून रस्त्यावरचे दिवे चालू असलेल्या शहरी भागात १०० ल्युमेनची (ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड मोजण्याचे एकक) टॉर्चही पुरते. तिथे आपल्याला दिसण्यापेक्षा आपण इतरांना दिसणे अधिक महत्त्वाचे असते. गावाबाहेरच्या दिवे नसलेल्या डांबरी रस्त्यावर २०० ल्युमेन ठीक. डोंगरवाटेवर, विशेषतः सुट्या दगडांच्या उतारावर, ३०० ते ४०० ल्युमेन असावेत, कारण तिथे वेगही वाढतो आणि पुढची तीन-चार पावले आधीच ठरवावी लागतात. याहून जास्त उजेडाची गरज धावणाऱ्याला क्वचितच पडते.

दुसरी पायरी : खोक्यावरचे आकडे वाचायला शिका

चांगल्या कंपन्या ‘एफएल-१’ या अमेरिकी मानकानुसार मोजमाप देतात. हे मानक २००९ मध्ये आले. त्यात ल्युमेनचा आकडा टॉर्च सुरू केल्यानंतर ३० सेकंदांनी मोजलेला असतो. झोताचे अंतर म्हणून जे मीटर छापलेले असतात, त्या टोकाला पडणारा उजेड फक्त पाव लक्स, म्हणजे पौर्णिमेच्या स्वच्छ चांदण्याइतका असतो. तेवढ्या उजेडात माणसाची आकृती कळेल, पण पायाखालचा दगड कळणार नाही. शिवाय त्याच झोताने दुप्पट अंतरावर तेवढाच उजेड पाडायचा तर चौपट ल्युमेन लागतात, त्यामुळे २०० च्या जागी ४०० ल्युमेनची टॉर्च घेतल्याने दिसण्याचे अंतर जेमतेम ४० टक्क्यांनी वाढते.

सर्वांत फसवा आकडा तासांचा. या मानकानुसार उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा वेळ ‘चालण्याचा वेळ’ म्हणून धरला जातो. ४०० ल्युमेनची टॉर्च पहिल्या अर्ध्या तासात निम्म्यावर येऊन पुढे तासन् तास ५० ल्युमेनवर रेंगाळत असेल, तरी ते सगळे तास खोक्यावर छापता येतात. म्हणून ‘रेग्युलेटेड’ म्हणजे शेवटपर्यंत उजेड स्थिर ठेवणारी टॉर्च आहे का, हे विचारावे. पुष्कळदा ‘४०० ल्युमेन, १०० तास’ असे शेजारी-शेजारी लिहिलेले असते आणि ते १०० तास सर्वांत मंद उजेडाचे असतात.

तिसरी पायरी : बॅटरीचा हिशेब मांडा

चार्ज होणाऱ्या पुष्कळ टॉर्चमध्ये १८६५० नावाचा लिथियम-आयन सेल असतो. १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी यावरून तो आकडा आला. चांगल्या सेलची क्षमता ३००० ते ३५०० मिलिअँपिअर-तास असते. ३००० चा सेल धरला, तर ३.६ व्होल्टने गुणून सुमारे ११ वॉट-तास ऊर्जा मिळते. एका वॉटमागे साधारण १२० ल्युमेन धरले, तर या सेलमधून एकूण १३०० ल्युमेन-तास निघतात : २०० ल्युमेनने सुमारे साडेसहा तास किंवा ४०० ने सव्वातीन तास. आता ऑनलाइन तीनशे रुपयांत मिळणारी ‘१०,००० ल्युमेन’ची टॉर्च याच हिशेबात बसवून पाहा. तो सेल आठ मिनिटांतही संपायला हवा आणि त्या आठ मिनिटांत कपाळावर ८० वॉटहून अधिकची शेगडी पेटायला हवी. सेलवर ‘९९०० मिलिअँपिअर-तास’ छापलेले दिसले, तर दुकानातून बाहेर पडावे.

ट्रिपल-ए आकाराच्या तीन सेलवर चालणाऱ्या टॉर्च हलक्या आणि स्वस्त असतात आणि त्यांचे सेल गावातल्या कोणत्याही दुकानात मिळतात. पण चार्ज होणाऱ्या तीन निकेल-मेटल-हायड्राइड सेलमध्ये मिळून तीन वॉट-तासांच्याही आत ऊर्जा असते, त्यामुळे २०० ल्युमेनवर त्या दोन तासही टिकत नाहीत. तासाभराच्या धावेला ते चालते. साधे अल्कलाइन सेल मात्र महिनोन् महिने टॉर्चमध्ये पडून राहिले की गळतात आणि आतले पत्रे खाऊन टाकतात. पावसाळ्यात धावणे बंद असेल तर ते काढून ठेवावेत.

चौथी पायरी : झोताचा आकार आणि रंग

धावताना मधोमध प्रखर ठिपका आणि भोवती काळोख असेल, तर डोळे लवकर थकतात आणि वाटेची कड दिसत नाही. पसरट झोत हवा. डोंगरवाटेसाठी पसरट आणि लांब असे दोन्ही दिवे असलेली टॉर्च घ्यावी.

हेडटॉर्चची एक मूळ अडचण कोणत्याही किमतीत सुटत नाही. दिवा डोळ्यांच्या अगदी वर असल्यामुळे दगडाची सावली दगडाच्याच मागे लपते, आणि खड्डा व डाग यांतला फरक कळेनासा होतो. त्यावर उपाय म्हणजे दुसरा छोटा दिवा कमरेच्या पट्ट्यावर लावणे. खालून येणाऱ्या तिरक्या उजेडाने सावल्या लांब पडतात आणि जमिनीचा उंचसखलपणा लगेच कळतो. सिंहगडाच्या किंवा लोणावळ्याच्या पावसाळी धुक्यात तर हा कमरेचा दिवाच खरा कामाचा, कारण तिथे कपाळावरचा उजेड धुक्यावर आदळून थेट डोळ्यांत परत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. धुक्यात उजेड वाढवायचा नसतो, कमी करायचा असतो. पिवळसर छटेचा उजेड तिथे डोळ्यांना निळसर पांढऱ्यापेक्षा सुसह्य वाटतो. पहिल्या पावसानंतर उजेडावर झेपावणारी पाखरे तोंडात जाऊ नयेत, यासाठीही कमरेचा दिवा उपयोगी पडतो.

पाचवी पायरी : दुकानात बांधून पाहा

टॉर्च कपाळावर बांधावी, मान जोरात हलवावी, जागेवरच वीस-पंचवीस उड्या माराव्यात. झोत खाली घसरत असेल किंवा दिवा कपाळावर आपटत असेल, तर पट्टा आवळून उपयोग नाही; तासाभरात डोके ठणकू लागेल. १०० ग्रॅमच्या आतली टॉर्च बहुतेकांना चालते. त्याहून जड असेल, तर बॅटरी डोक्याच्या मागे असलेली आणि वरून तिसरा पट्टा असलेली घ्यावी. पोनीटेल बांधणाऱ्यांनी केस बांधूनच पट्टा लावून पाहावा. बटण घामेजल्या अंगठ्याला चाचपून सापडले पाहिजे, आणि पिशवीत चुकून सुरू होऊ नये म्हणून त्याला लॉक हवे.

पाण्याच्या बाबतीत आयपीएक्स-४ म्हणजे कोणत्याही बाजूने उडालेल्या पाण्यापासून संरक्षण. घाम आणि हलक्या सरी यांना ते पुरते. आपल्याकडच्या जुलैतल्या पावसात धावणार असाल, तर एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारी आयपीएक्स-७ घ्यावी.

सहावी पायरी : रस्त्यावरच्या इतरांचा विचार

वाहतुकीला सामोरे, म्हणजे रस्त्याच्या उजव्या कडेने धावावे आणि झोत सात-आठ मीटरवर जमिनीकडे झुकवावा. म्हणूनच दिव्याचा कोन एका हाताने बदलता आला पाहिजे. समोरच्या दुचाकीस्वाराचे डोळे दिपले, तर धोका आपल्यालाच. मागून दिसण्यासाठी पाठीवर लुकलुकणारा लाल दिवा लावावा. भटक्या कुत्र्यांचे डोळे उजेडात दुरूनच चमकतात, तेव्हा वेग कमी करून झोत खाली घ्यावा. पावसाळ्यात नजर डांबराच्या कडेला ठेवावी : मण्यार रात्रीच हिंडतो, आणि ओल्या रस्त्यावर त्याचे काळे, बारीक पांढऱ्या पट्ट्यांचे अंग टायरच्या तुकड्यासारखे दिसते. १०० रुपये वाचवण्यासाठी मंद टॉर्च घेऊ नये ती एवढ्यासाठी.

सातवी पायरी : पहिल्या धावेआधी घरी चाचणी

पूर्ण चार्ज करून, धावताना वापरणार त्याच उजेडावर टॉर्च घरात सुरू ठेवावी आणि ती मंदावायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहावे. सर्वांत लांब धावेला लागणाऱ्या वेळेच्या दीडपट तरी तो असावा. लेहच्या खारदुंग ला चॅलेंजसारखी ७२ किलोमीटरची शर्यत अंधारातच सुरू होते आणि थंडीत बॅटरीची क्षमता घटते, म्हणून तिथे जादा सेल अंगालगतच्या खिशात ठेवावा. विमानाने जाताना सुटे लिथियम सेल चेक-इन सामानात चालत नाहीत; टोके झाकून ते हातातल्या बॅगेतच न्यावेत.