घरगट चालवताना या चुका टाळा

रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून आशीर्वादानंतर लगेच निघून जाणारा माणूस आजारी आहे, कर्जात आहे की विश्वासातच डगमगतोय, हे पाळकसाहेबांना कळणार कसं? घरगट, म्हणजे चर्चच्या सभासदांचा कोणाच्या तरी घरी भरणारा छोटा गट, असतो तो यासाठी. पुण्यात खडकी, येरवडा, वडगाव शेरी किंवा शेजारी पिंपरी, कुठंही जा, गट भरतात, गाणी होतात, चहा होतो. पण कोणाच्या घरी काय चाललंय, हे पुष्कळदा शेजारी बसलेल्यालाही माहीत नसतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घरगटाची दुसरी उपासना करणं. चार गाणी, लांबलचक प्रार्थना, पाऊण तासाचा संदेश आणि शेवटी "समजलं ना सगळ्यांना?" सगळे माना डोलावतात. एकानं सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, हे रविवारी होतंच की. बायबलमधला उतारा दहा-बारा वचनांचा घ्या, आळीपाळीनं वाचा आणि एकच प्रश्न विचारा: "यातलं काय पाळणं तुम्हाला जड जातं?" मग गप्प बसा. शांतता पडली की नेत्याला राहवत नाही, तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो. देऊ नका. जरा थांबलं की कोपऱ्यातल्या मावशी बोलतात, "क्षमा करणं जड जातं. जाऊ अजून बोलत नाही माझ्याशी." खरा अभ्यास तिथून पुढं.

इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली याच्या मेथडिस्ट चळवळीत असेच छोटे गट असत, त्यांना 'क्लास' म्हणत. त्यांची सुरुवात तर प्रवचनातून झालीच नाही. 1742 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला प्रार्थनेच्या इमारतीचं कर्ज फेडायचं होतं, म्हणून सभासदांचे बारा-बारा जणांचे गट केले. प्रमुखानं दर आठवड्याला प्रत्येकाकडे जाऊन एक पेनी गोळा करायची. पैसे मागायला गेल्यावर घरातली खरी परिस्थिती दिसू लागली आणि पेनीपेक्षा विचारपूस महत्त्वाची ठरली. गटाच्या नेत्याला उत्तम बोलता आलं नाही तरी चालेल. त्याला लोकांच्या घरी जाता आलं पाहिजे.

दुसरी चूक माणसं कायमची तोडते. मंगळवारी एक ताई म्हणतात, "मुलाची नोकरी गेली, प्रार्थना करा." रविवारी चर्चच्या आवारात तिघं जण त्या मुलालाच विचारतात, "काय रे, गेली म्हणे नोकरी?" तो मुलगा पुन्हा गटात येणार नाही, आणि ताई पुढच्या वेळी फक्त "घरासाठी प्रार्थना करा" एवढंच म्हणतील. एकमेकांजवळ पापं कबूल करा, असं बायबलमध्ये याकोबाच्या पत्रात (5:16) सांगितलंय. पण ऐकणाऱ्याच्या तोंडाला कुलूप नसेल तर कबूल कोण करेल? व्हॉट्सॲपवर काय टाकायचं, हे ज्याची विनंती त्यालाच विचारा. मात्र घरातली मारहाण, लेकराची सुरक्षितता किंवा जीव देण्याची भाषा कानावर आली, तर गुप्ततेच्या नावाखाली गप्प राहू नका. त्याच दिवशी पाळकांना सांगा, आणि गरज असेल तिथं डॉक्टर किंवा पोलीस यांची मदत घ्या.

पाहुणचाराचंही तसंच. एका घरी पोहे, पुढच्या घरी बिर्याणी, की एका खोलीत राहणारं कुटुंब म्हणतं, "आमच्याकडे नको." फक्त चहा, असं ठरवून टाका आणि ते मोठ्या फ्लॅटवाल्यांनीच आधी पाळावं.

सोसायटीत रात्री उशिरा ढोलकी नको. शिफ्टवाल्यांसाठी वेळ बदलता येते. सगळा गट एकाच गावच्या नातेवाइकांचा असेल तर नवीन माणूस दारातच परका होतो.

गट पंधराच्या पुढं गेला की दोन करा. लोक नाराज होतात, "आपलं छान जमलंय" म्हणतात. पण वीस जणांत निम्मे बोलतच नाहीत. बायबलमध्ये इथ्रोनं आपल्या जावयाला, मोशेला, दहा-दहांवर नायक नेमायला सांगितलं (निर्गम 18), ते एकट्या माणसाला सगळा भार झेपत नाही म्हणूनच. नवा नेता आधी सहा महिने जुन्याच्या जोडीनं तयार करा, मग गट वेगळा करा.

आणि कोणी दोन आठवडे आलं नाही तर हात जोडलेली इमोजी पाठवून मोकळे होऊ नका. फोन करा, वेळ विचारा, दोघं मिळून जा. "का आला नाहीत?" हा प्रश्न पहिला नको, तब्येत, मुलं, काम यांची चौकशी करा. उरलेलं ते स्वतःच सांगतील.