बिट कापण्याआधी विचारणं कमी करा: एमयू-मिमोच्या फीडबॅकचा बोजा कसा उतरवावा

सदाशिव पेठेतली एखादी अभ्यासिका डोळ्यांसमोर आणा. तीस टेबलं, तीस फोन, छताला चार अँटेनांचा एक राउटर. स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळी सातला बसतात ती चहाजेवणापुरतीच उठतात. एमयू-मिमो चालू असेल तर हा राउटर एकाच क्षणी तीन-चार फोनना वेगवेगळा डेटा देऊ शकतो. अट एकच: एकासाठी सोडलेली धार दुसऱ्याच्या टेबलापाशी शून्य व्हायला हवी. त्यासाठी प्रत्येक फोनपर्यंतची वाट, म्हणजे चॅनेल, राउटरला माहीत लागतो. फोन तो मोजून अहवाल, म्हणजे फीडबॅक, पाठवतो. पण अहवाल ज्या हवेतून जातो, व्हिडिओही त्याच हवेतून यायचा असतो. अहवालाला गेलेला वेळ डेटातून वजा होतो.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला हा विषय घेतलेली मुलं बहुतेकदा थेट अहवालातले बिट कापायला बसतात. माझं ठाम मत आहे की ही सुरुवात उलट्या टोकाने होते. आधी मुळात फोनला अहवाल विचारायचा का, मग कोणाला, मग किती वेळाने, आणि सगळ्यात शेवटी किती बारकाईने, असा क्रम धरा.

पहिलं काम हिशेबाचं. २०१३ सालच्या ८०२.११एसी (वाय-फाय ५) मानकात फोन चॅनेल जसाच्या तसा पाठवत नाही, कोनांत बांधून पाठवतो. चार अँटेना आणि एक धार असेल तर सहा कोन लागतात. बारीक पर्यायात त्यांतले तीन ९ बिटांचे आणि तीन ७ बिटांचे, मिळून ४८ बिट. ८० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात २३४ सबकॅरियर, म्हणजे पट्ट्याचे बारीक तुकडे, आणि प्रत्येकाचे ४८ धरून ११,२३२ बिट. अहवाल २४ एमबीपीएसने जातो असं धरलं तर त्याला ४६८ मायक्रोसेकंद लागतात आणि चार फोनना मिळून सुमारे १.९ मिलिसेकंद. दर १० मिलिसेकंदांनी विचारत राहिलं तर जवळपास १९ टक्के वेळ नुसत्या अहवालांत जातो. मोजणीआधी राउटर पाठवतो त्या घोषणेच्या फ्रेम आणि मधले थांबे त्यात धरलेलेच नाहीत. हा १९ चा आकडा वहीत वर लिहून ठेवा, पुढे तोच खाली आणायचा आहे.

आता मुळात विचारायचं का? भारतात ५जी साठी वापरात असलेल्या ३.५ गीगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात जाणं-येणं एकाच फ्रिक्वेन्सीवर, आळीपाळीने चालतं. त्यामुळे फोनने वर पाठवलेला ठरावीक सिग्नल ऐकून टॉवर खाली जाणाऱ्या चॅनेलचा अंदाज बांधू शकतो. फक्त टॉवरच्या पाठवणाऱ्या आणि ऐकणाऱ्या सर्किटांतला फरक कॅलिब्रेशनने काढून टाकावा लागतो. ७०० मेगाहर्ट्झमध्ये दोन्ही दिशांच्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या असल्याने ही सोय नाही. वाय-फायमध्ये फ्रिक्वेन्सी एकच, तरी ८०२.११एसी ने अहवालाचीच पद्धत घेतली. म्हणून आपल्या अभ्यासिकेत पुढच्या पायऱ्या टळत नाहीत.

कोणाला विचारायचं, हे सोपं आहे. ज्याच्यासाठी राउटरकडे डेटा साचला आहे त्यालाच. पीडीएफ उतरवून वाचत बसलेल्याला उठवायचं कारण नाही. ज्यांच्या वाटा जवळपास सारख्या दिसतात अशा दोघांना एका गटात घालू नका, त्यांच्या धारा वेगळ्या करताना दोघांचाही सिग्नल पडतो.

किती वेळाने, ही पायरी मात्र सावकाश करा, खरी कमाई इथे आहे. ५.५ गीगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे साडेपाच सेंटीमीटर. सेकंदाला एक मीटर या चालीने कोणी निघाला तर डॉप्लर, म्हणजे हालचालीमुळे फ्रिक्वेन्सीत पडणारा फरक, १८ हर्ट्झ येतो. चॅनेल किती वेळ साधारण तसाच राहतो याचा ढोबळ अंदाज ०.४२३ ला त्याने भागून मिळतो: सुमारे २३ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात माणूस अडीच सेंटीमीटरही सरकलेला नसतो, पण जुना अहवाल निकामी झालेला असतो. शून्य तर त्याच्याही आधी बिघडतं, म्हणून मी या वेळेचा चौथा हिस्साच भरवशाचा धरतो, म्हणजे सहा मिलिसेकंद. आता चार वाजता कोणी एक जण चहाला उठला म्हणून सगळ्यांना दर सहा मिलिसेकंदांनी विचारायचं का? नाही. त्याला गटातून काढा आणि त्याचा डेटा साध्या पद्धतीने एकट्याला द्या. बसलेल्या चौघांना ४० मिलिसेकंदांनी विचारून बघा. १९ टक्के एका फटक्यात ४.७ वर येतात. (कर्वे रस्त्यावर ताशी ३६ किलोमीटरने जाणाऱ्या दुचाकीस्वाराचं ३.५ गीगाहर्ट्झला हेच गणित ३.६ मिलिसेकंद निघतं. टॉवरला अहवालाची वाट बघणं का परवडत नाही, ते इथे कळतं.)

मग सबकॅरियर. खोलीतले प्रतिध्वनी ५० नॅनोसेकंदांत पसरलेले धरले तर साधारण ४ मेगाहर्ट्झपर्यंत चॅनेल फारसा बदलत नाही. चार सबकॅरियर मिळून होतात सव्वा मेगाहर्ट्झ. तेव्हा चारांतून एकाचा अहवाल घ्या, मधले राउटर अंदाजाने भरेल. २३४ च्या जागी ६२ उरतात आणि बोजा १.२ टक्क्यांवर येतो.

बिट आत्ता कुठे हातात घ्या. कोन ९ आणि ७ ऐवजी ७ आणि ५ बिटांचे केले तर अहवाल २,२३२ बिटांचा होतो, बोजा ०.९ टक्के. मिळाले जेमतेम ०.३, आणि मोबदल्यात शून्य उथळ झालं. संशोधक निहार जिंदल यांनी २००६ मध्ये दाखवलं की नुकसान मर्यादेत ठेवायचं तर दर फोनमागे लागणारे बिट सिग्नलच्या डेसिबलमधल्या ताकदीबरोबर वाढवावे लागतात: अँटेनांच्या संख्येतून एक वजा करा, तीनने भागा, डेसिबलने गुणा. चार अँटेना असतील तर जितके डेसिबल तितके बिट. म्हणून कोपऱ्यातल्या क्षीण सिग्नलच्या फोनला जाडे, म्हणजे कमी बिटांचे, कोन चालतात, राउटरखालच्या फोनला चालत नाहीत.

घरच्या राउटरमध्ये यातलं फार थोडं हाताशी असतं. वाय-फाय ५ मध्ये सबकॅरियरचे गट आणि कोनांचे बिट फोनच ठरवतो. तुमच्याकडे बहुधा एमयू-मिमो चालू-बंद करणं आणि पट्टा ८० वरून ४० मेगाहर्ट्झ करणं एवढंच येतं. ४० ला सबकॅरियर १०८ होतात, पण वेगही निम्मा होतो.

सिम्युलेशन करणाऱ्यांनी आडव्या अक्षावर विचारण्यातलं अंतर घ्या, उभ्यावर अहवालांचा वेळ वजा करून उरलेला वेग. अंतर फार कमी असेल तर अहवाल वेळ खातात, फार जास्त असेल तर शिळी माहिती धारा एकमेकांत मिसळते. मधे टेकडीसारखा उंचवटा दिसेल. तो आलेख दोनदा काढा: साडेतीनला सगळे बसलेले असताना, आणि चारला निम्मे दाराकडे निघालेले असताना.