अणशीला तंबू घेऊन जाताय? मग एवढं करा

बेळगावातून खानापूर, लोंढा, रामनगर, जोयडा करत अणशीला जाणार असाल, तर मुक्काम आधी ठरवा. अणशी राष्ट्रीय उद्यान काळी व्याघ्र प्रकल्पात येतं. दिसली मोकळी जागा की ठोकला तंबू, असं तिथं चालत नाही. वनखात्याच्या परवानगीच्या जागीच राहायचं. पेट्रोलची टाकी खानापुरातच भरा. पुढं जंगलात रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच मोबाईलवर उतरवून ठेवा.

आता खरी गोष्ट थंडीतल्या दवाची. मी आणि माझा मित्र पहिल्यांदा गेलो तेव्हा गारठा लागू नये म्हणून तंबूच्या सगळ्या चेन गच्च लावून झोपलो. पहाटे कपाळावर टपटप थेंब पडायला लागले. पाऊस नव्हता, आमच्याच श्वासाची वाफ थंड कापडाला लागून पाणी झाली होती. अंथरूण ओलं, मोजे ओले. तेव्हापासून वरची जाळी उघडी ठेवतो आणि खाली ताडपत्री अंथरतो. ताडपत्रीच्या कडा तंबूच्या खाली दुमडायच्या, बाहेर राहिल्या तर दव गोळा होऊन खाली शिरतं. ओढ्याकाठचा सखल भागही टाळा, गार हवा तिथंच साचते.

आणि खाणं तंबूत अजिबात नको. या जंगलात अस्वलं आहेत. घरून आणलेल्या दशम्या, चटणी, कुंद्याचा डबा, सगळं गाडीत ठेवून काचा बंद करा. खरकटंसुद्धा पिशवीत बांधून परत आणा, बाबांनो.