ओपीडी बंद झाल्यावर बघायची संग्रहालयं

मी एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी. चाळीसगाव, धुळे, जळगाव हा माझा पट्टा. दुपारी दवाखाने बंद झाले की संध्याकाळपर्यंत कुणी डॉक्टर भेटत नाही. आमची मंडळी तो वेळ लॉजवर पंख्याखाली काढतात, मी संग्रहालयं बघतो. अजिंठ्याला अख्खा दिवस मोडतो, इथे दोन तासांत काम होतं.

आधी फोन करा. ही ठिकाणं बहुतेक ट्रस्ट नाहीतर मंडळं चालवतात, माणसं मोजकी. मोबाइलवर ‘उघडे आहे’ दिसलं म्हणून निघालात तर कुलूप बघून परत याल. आदल्या दिवशी विचारून ठेवा, ‘उद्या साडेबाराला येतो, दाखवायला कुणी असेल ना?’ इथे पाट्यांपेक्षा दाखवणाऱ्या माणसाकडे जास्त माल असतो.

सुरुवात चाळीसगावपासून करा. कलामहर्षी केकी मूस यांचं घर स्टेशनच्या इतकं जवळ आहे की रिक्षा करायची गरज नाही. विलायतेत शिकून आलेला हा पारशी कलावंत या घरात शिरला तो १९८९ पर्यंत क्वचितच बाहेर पडला. मुंबईची प्रेयसी पंजाब मेलने येणार म्हणून रोज त्या गाडीच्या वेळेला ते दार उघडं ठेवत, असं सांगतात. गोष्ट ऐकून घ्या, पण तिच्यातच अडकू नका. खरा ऐवज त्यांच्या टेबलटॉप फोटोंत आहे. दूरचा डोंगर, झाडं, वाट असा देखावा वाटतो आणि ती निघते टेबलावर मांडलेली चिल्लर सामग्री! म्हणून आधी नाव वाचू नका, सांगणाऱ्यालाही जरा थांबवा. सावली कुठल्या बाजूला पडलीय ते बघा, म्हणजे दिवा कुठे ठेवला असेल ते कळतं. मग विचारा, ‘हे कशाचं केलंय?’ मी एकेका फोटोसमोर इतका रेंगाळतो की संध्याकाळच्या पहिल्या डॉक्टरकडे जायला हमखास लेट होतो.

तिथून धुळ्याला एसटीने जा, किंवा वेळ जुळली तर रेल्वेच्या फाट्यावरच्या गाडीने. इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यात वारले, ३१ डिसेंबर १९२६ ला. (केकी मूसही ३१ डिसेंबरलाच गेले. खान्देशाला ही तारीख काही धार्जिणी नाही.) राजवाडे गेल्यावर पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं. मूर्ती, नाणी, ताम्रपट सगळं आहे, पण तुम्ही मोडी कागदाजवळ थांबा. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घेतो आणि मग तिला अक्षरं टांगत जातो. तेवढं लक्षात ठेवून बघितलं की तो कागद नुसता गिचमिड वाटत नाही. जाण्याआधी चार मोडी अक्षरं गिरवलीत तर एखादा शब्द लागतो, आणि तो लागला की दाखवणाऱ्या काकांनाही हुरूप येतो.

धुळ्यातच समर्थ वाग्देवता मंदिर आहे. नाव मंदिराचं, पण आत हस्तलिखितं. समर्थ रामदासांच्या हातचं वाल्मीकी रामायण इथे जपलंय. फ्लॅश मारू नका, काचेवर हात टेकू नका, फोटो काढायचाच तर आधी विचारा.

जळगावचं गांधीतीर्थ मोठं आणि चकचकीत आहे, ते तुम्हाला कुणीही दाखवेल. तुम्ही जुन्या जळगावात चौधरी वाड्यात जा, कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या घरी. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे लेखणी नि दौत शोधू नका. त्यांच्या वापरातल्या घरच्या वस्तू बघा. सोबत घरातली एखादी म्हातारी आजी नेता आली तर उत्तम, कुठली वस्तू कशी धरायची हे तीच सांगेल.

देणगीची पेटी किंवा पावतीपुस्तक दिसलं तर हात आखडू नका. एका शेवभाजीचे पैसे टाकले तरी चालतील. मे महिन्यात मात्र हा फेरा नको, दिवाळीनंतर थंडी पडू द्या.